पॅसेज लांबतं आहे

४ फेब्रुवारी, मंगळवार

पोचलो एकदाचा, आणि खोली बघून जीव भांड्यात पडला. इथल्या प्रयोगशाळेच्या मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या की क्वार्टर तशी साधीच आहे. तेव्हापासून गळकं छत आणि मोडका नळ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते. पण खोली चक्क छान निघाली. पूर्वेला मोठी खिडकी, कपाट आतून कोरडं, पलंग अजिबात न कुरकुरणारा. नळाला गारही पाणी येतं आणि गरमही. लगेच बायकोला फोन करून सगळं वर्णन करून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पलंग डबल आहे का? नाही म्हटलं. मग छान कसली, म्हणाली.

मुंगीच्या शाळेचं वर्ष संपेपर्यंत बायको आणि ती तिकडेच राहणार. मुंगी म्हणजे आमची लेक. नाव चांगलं ठेवलंय, पण घरात ते कुणी वापरत नाही. इतकी लहान जन्मली होती की तिचा मामा पाळण्यात वाकून म्हणाला, अरे, ही तर मुंगी. तेच चिकटलं.

इमारत प्रयोगशाळेच्या मागे आहे. खाली जुन्या यंत्रांचं गोदाम, वर क्वार्टर्स. मधून एक सरळ लांब पॅसेज जातं आणि दोन्ही बाजूंना खोल्या आहेत. पण बहुतेक सगळ्यांना कुलपं. राहती माणसं दोनच. या टोकाला मी, आणि त्या टोकाला, जिन्याला लागून, कारखान्याच्या दवाखान्यातल्या सिस्टर. पॅसेजच्या फरशा आणि भिंतीवरचे तक्ते कंपनीच्याच प्लास्टिकचे आहेत, फिकट हिरवे. कधीकाळी चाचणी म्हणून बसवले आणि मग कुणी काढलेच नाहीत.

सामान लावत होतो तेवढ्यात सिस्टरनी तिकडून हाक मारली की चहा ठेवलाय, या. साठीला आलेल्या, अंगाने भरलेल्या, हसल्या की सगळं पॅसेज दणाणतं. मला पहिल्याच दिवशी भाऊ करून टाकलं. म्हणाल्या, इतकी वर्षं या मजल्यावर एकटी राहिले, आता निदान शिंकले तर कुणीतरी विचारेल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज फोनवर मुंगीने विचारलं, बाबा, तू तिथे नक्की करतोस काय?

तिला सांगितलं ते असं. प्लास्टिकची एक पट्टी घ्यायची. वरचं टोक चिमट्यात धरायचं, खालच्या टोकाला वजन अडकवायचं. वजन लावल्याबरोबर पट्टी जराशी ताणते. त्यात विशेष काही नाही, रबरही ताणतं. गंमत त्यानंतर आहे. वजन तेवढंच राहतं, कुणी हातही लावत नाही, आणि तरी पट्टी ताणतच राहते. इतकी हळू की डोळ्याला दिसत नाही. महिनोन्महिने, वर्षानुवर्षं. याला आम्ही क्रीप म्हणतो. माझं काम म्हणजे पन्नास वर्षांनी ती किती लांब झालेली असेल ते आज सांगायचं.

तिने विचारलं, पट्टीला दुखतं का? नाही म्हटलं.

मग बायकोने फोन घेतला. पन्नास वर्षं तू तिथेच बसणार आहेस का, म्हणाली. तिला सांगितलं की त्यावर उपाय आहे. उबेत प्लास्टिक घाई करतं. खोलीत जे व्हायला वर्षं लागतात ते गरम कपाटात काही दिवसांत होऊन जातं. म्हणून सारख्याच पट्ट्या कमी-जास्त गरम कपाटांत टांगायच्या, प्रत्येकीचा छोटा आलेख काढायचा आणि ते तुकडे शेजारी सरकवत सरकवत सांधायचे. सांधले की एक लांबलचक रेषा मिळते, आणि तिच्यावर पन्नास वर्षांनंतरचा आकडा वाचता येतो.

एक गोष्ट मात्र तिला सांगितली नाही. ही रेषा बराच काळ शहाण्यासारखी सरळ जाते आणि मग कधीतरी अचानक वर वळते. पट्टी मधोमध बारीक होते, जणू कंबर पडते. तिथे प्लास्टिक पांढरं पडतं आणि मग तुटतं. ते वळण छोट्या चाचणीत दिसेलच असं नाही. या धंद्यात झोप उडते ती तेवढ्यामुळेच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कामाची घडी बसली. पाण्याचे मोठे पाइप छताला टांगून ठेवणाऱ्या पट्ट्यांचं काम आहे. त्या हॉस्पिटलात आणि शाळांत लागणार. मॅडमना मार्चअखेर आकडा हवाय. बाई हुशार आहेत, चिडत नाहीत, पण 'आकडा' हा शब्द त्या भूक लागल्यासारखा उच्चारतात.

संध्याकाळ जात नाही. खोलीत आलं की आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येतो. बरं, सिस्टर आहेत. रोज साडेपाचला त्या दारात उभ्या राहतात, हातात कप असतो, आणि इकडे बघून म्हणतात, चला भाऊ. मी पॅसेजमधून जातो. त्या दवाखान्यातल्या गमती सांगतात. आज एक जण बोटाला लागलं म्हणून आला, त्या पट्टी बांधायला लागल्या तर म्हणाला, हे नाही, दुसरं बोट. हसून हसून पुरेवाट.

चहा तेवढा हल्ली कोमट असतो. म्हातारपणी जिभेला चटके सोसत नसतील त्यांच्या.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज चहा चक्क गार होता. मी तसाच प्यायलो, मग त्याच म्हणाल्या. भाऊ, हाक मारल्यावर तुम्ही निघता कधी? मी म्हटलं, लगेच निघालो की. त्या म्हणाल्या, मग वाटेत कुठे थांबता? मी कधीची उभी आहे, हात भरून आला. लेकीच्या नावासारखे चालता तुम्ही.

दोघंही हसलो. पण खोलीकडे परतताना मला खरंच ते अंतर जास्त वाटलं. मधल्या कुलूपबंद खोल्या संपता संपेनात. सकाळी कामावर जाताना असं काही वाटत नाही.

मुंगीचा फोन लागला नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मोजलं.

वेड्यासारखं वाटत होतं, पण मोजलं. सकाळी एकट्यानेच, टेपचं टोक माझ्या चौकटीला अडकवून. संध्याकाळी पुन्हा, या वेळी सिस्टर त्यांच्या दारात टेपचं टोक धरून उभ्या. संध्याकाळचं माप सकाळपेक्षा हातभर जास्त आलं.

पहिला संशय अर्थात फरशांवर. प्लास्टिकच ते, ताणलं असेल. फरशा मोजल्या, संख्या तीच. एकेक फरशी मापली, आकार तोच, तसूभर फरक नाही. सगळे तुकडे जसेच्या तसे आणि बेरीज मात्र जास्त. टेप प्रयोगशाळेत नेऊन तपासली. बरोबर आहे.

सिस्टर म्हणाल्या, भाऊ, चष्म्याचा नंबर वाढला असेल.  नंतर म्हणाल्या, मलाही तुम्ही लांबून येताना दिसता हो. आधी असं नव्हतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमना सांगितलं. वाटलं हसतील, पण त्या जेवणाच्या सुट्टीत स्वतः आल्या आणि टेप धरली. सिस्टर ड्यूटीवर होत्या. माप आलं नेहमीचं, कागदावर नकाशात आहे तेवढंच. मॅडमनी टेप गुंडाळली, आणि फार समजुतीने म्हणाल्या की नव्या जागेत असं होतं, घरच्यांपासून दूर राहायची सवय नसते, एखाद्या रविवारी घरी जाऊन या. त्यांचा आवाज इतका मऊ होता की मला ओरडावंसं वाटलं.

त्या गेल्यावर मी रिकाम्या पॅसेजमध्ये उभा राहिलो. शांत, हिरवं, सरळ. एखाद्या भल्या माणसासारखं.

२ मार्च, रविवार

आठवडाभर संध्याकाळी मापं घेतली. सिस्टर बिचाऱ्या रोज टोक धरतात. आज सगळी मापं कागदावर मांडली आणि ठिपके जोडले.

हा आलेख मी ओळखतो. सुरुवातीला भरभर वर, मग कलत कलत सरळ. रोज प्रयोगशाळेत मी हाच काढतो.

पॅसेज कशाच्या तरी भाराखाली आहे.

४ मार्च, मंगळवार

सिस्टर आता दारात उभ्या राहिल्या की त्यांचा चेहरा दिसत नाही. पांढरी साडी दिसते, हात हलताना दिसतो. त्या काहीतरी बोलतात आणि ते जरा वेळाने माझ्यापर्यंत येतं. पोचलो की त्या हात धरून आत घेतात आणि दार लावतात.  आज त्यांनी एवढंच विचारलं की रेषा पुढे कुठे जाते. सरळ जाते, म्हटलं. सध्या सरळ जाते.

बायकोला यातलं काही सांगितलेलं नाही. काय सांगू?

६ मार्च, गुरुवार

ताप आलाय. सकाळीच फोन करून मॅडमना आणि सिस्टरना कळवलं. सिस्टर म्हणाल्या, पडून राहा, दुपारी मी सूप आणि गोळ्या घेऊन येते. मी नको म्हटलं. उठून मीच येतो म्हटलं. त्या रागावल्या. चाळीस वर्षं रोग्यांकडे चालत गेले, म्हणाल्या, एवढ्या पॅसेजला भिऊ की काय?

दुपारी दार उघडून बसलो. त्या निघालेल्या दिसल्या. हातात झाकलेलं भांडं. लख्ख ऊन, जिन्यावरच्या खिडकीतून उजेड येत होता, अंधुक असं काहीच नव्हतं. त्या चालत होत्या. पावलं पडताना दिसत होती. पण त्या मोठ्या होईनात. माणूस जवळ येतं तसं मोठं दिसायला लागतं ना, ते होईना. मी उठून त्यांच्याकडे जायला लागलो तर अंतर आणखी वाढल्यासारखं झालं, म्हणून थांबलो. त्या चालतच होत्या. मग त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून बसल्या. पदराने तोंड पुसलं. माझ्याकडे बघितलं असावं. खूप वेळाने त्यांची हाक आली, भाऊ. फक्त तेवढंच.

मी दार लावून घेतलं. बघवेना. थोड्या वेळाने फटीतून बघितलं तर त्या उठून परत चालल्या होत्या आणि झपाझप लांब जात होत्या. बघता बघता त्यांच्या दारात पोचल्याही.

भांडं तिथेच राहिलंय.

७ मार्च, शुक्रवार

सिस्टर गेल्या. सकाळी त्यांचे दीर येऊन घेऊन गेले. जाताना इकडे आल्या नाहीत, जिन्यावरून फोन केला. आवाज बसलेला होता. म्हणाल्या, भाऊ, कालचं मी कुणाला सांगणार नाही, तुम्हीही विचारू नका. मग म्हणाल्या, मी परत फिरले म्हणून राग मानू नका हं. मी राग कसला मानू?

पॅसेजमधून जाऊन भांडं उचललं. पोचायला काहीच वेळ लागला नाही. सूपवर साय धरली होती.

९ मार्च, रविवार

दोन दिवस मापतोय. वाढ थांबली. उलट थोडं आखडलंय. नकाशाएवढं नाही झालं, पण आखडलंय.

आता कळलं. पट्टी नुसती टांगली तर ताणत नाही. वर चिमटा लागतो आणि खाली वजन. दोन्ही टोकं धरलेली असली तरच ताण बसतो. इथे एक टोक मी होतो आणि दुसरं सिस्टर. त्या दारात उभं राहून माझी वाट बघायच्या, मी त्यांच्या हाकेची वाट बघायचो. त्यांनी त्यांचं टोक सोडलं आणि ते थांबलं. जाता-येताना कुणी वाट बघत नसेल तर हे पॅसेज निरुपद्रवी आहे. मॅडम आल्या तेव्हा म्हणूनच काही सापडलं नाही.

आणि आता या मजल्यावर माझी वाट बघणारं कुणी नाही. म्हणजे सगळं ठीक आहे.

जेवण गेलं नाही.

११ मार्च, मंगळवार

मॅडमना आकडा दिला नाही. पट्ट्यांचा भरवसा देता येत नाही, रेषा पुढे वळते की नाही ते एवढ्या चाचणीत कळत नाही, असं लिहून दिलं. आणि राजीनामाही दिला. त्यांनी दोन्ही कागद वाचले, शनिवारपर्यंत काम आवरा म्हणाल्या. मग तुमची तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. दुसरी खोली मागितली तर एक तारखेनंतर, म्हणाल्या. म्हटलं, नको मग. चार दिवसांचाच प्रश्न आहे.

१२ मार्च, बुधवार

बायकोचा फोन. आनंदात होती. शाळेला सुट्टी लागतेय, मामाची गाडी आहे, रविवारी मुंगीला घेऊन येते म्हणाली. मी एकदम नको म्हणालो. फार पटकन म्हणालो.  ती म्हणाली, पाच आठवडे झाले, तुला आम्ही यायला नकोय का? मी म्हटलं, तसं नाही, खोली लहान आहे. ती म्हणाली, खोली छान आहे असं तूच सांगितलंस. 

शेवटी असं ठरलं की रविवारी मी गावात स्टँडजवळच्या लॉजवर भेटायचं. मी लवकर जाऊन थांबेन. इमारतीकडे त्यांनी यायचंच नाही. तिने कारण विचारलं. तिथे दुरुस्ती चाललीय म्हटलं. लग्नानंतर तिच्याशी पहिल्यांदा इतकं ढळढळीत खोटं बोललो.

मग मुंगी आली फोनवर. म्हणाली, मी कॅलेंडरवर रोज एक फुली मारते. आता अगदी थोड्याच राहिल्यात.

१३ मार्च, गुरुवार

पॅसेज पुन्हा लांबलंय.

तिकडच्या दारात कुणी नाही. तरी लांबलंय. म्हणजे टोक दारातच असायला पाहिजे असं नाही. ती तिकडे घरी बसून फुल्या मारतेय — आणि मी इकडे —

वाट बघायची नाही असं ठरवून बघितलं. जमत नाही. तिचा आवाज आठवतो.

१४ मार्च, शुक्रवार

आजचं माप घेताना टेप पुरली नाही. ठिपका आलेखावर मांडला. सरळ रेषेवर बसत नाही. वर गेलाय. बराच वर.

वळण आलं.

संध्याकाळी परत येताना मधल्या भागात दोन्ही खांदे भिंतीला घासले. मधोमध पॅसेज बारीक झालंय. फरशीचा हिरवा रंग तिथे उडालाय. पांढुरका, दुधाळ. वाकून हात लावला. कोमट होती.

हॉस्पिटलांना लागणारी पट्टी गरम कपाटात तुटते तेव्हा शेवटच्या दिवशी अशीच दिसते.

उद्या काम आवरून दुपारीच निघायचं. रात्र लॉजवर. बॅग भरली.

१५ मार्च, शनिवार, दुपार

कामावरून बॅग घ्यायला आलो. येताना आडवं होऊन सरकावं लागलं. आता निघालोच, एवढ्यात —

बाबा.

अगदी बारीक. खिडकीबाहेर डास गुणगुणावा तसा आवाज. दार उघडलं. तिकडच्या टोकाला दोघी. मुंगीचा पिवळा फ्रॉक. एक दिवस आधी आल्या. मला चकित करायचं म्हणून. बायको हात वर करून हलवत होती.

मुंगी धावत सुटली.

१५ मार्च, नंतर

दाराला टेकून बसलोय. लिहितो तरी.

ती धावत होती आणि मोठी होत नव्हती. वेण्या उडत होत्या, पाय पडत होते. मी ओरडलो, मागे जा. दोन्ही हातांनी खूण केली, मागे, मागे. तिला वाटलं खेळ आहे. तिनेही तशीच खूण केली. हसली असणार. आणि पुन्हा धावायला लागली, त्या बारीक भागाकडे.

मग मी जे बोलायचं नाही ते बोललो. छाती फोडून ओरडलो. नको आहेस तू मला, म्हटलं. कशाला आलीस? जा इथून.

ती धावतच होती. आवाज पोचायला वेळ लागला. पोचला तसं दिसलं. पाय थांबले. तशीच उभी राहिली. मग वळली. चालत परत गेली, आणि जाताना मात्र भराभर लहान झाली, आणि आईला जाऊन चिकटली.

मी दार लावलं.

फोन आला. बायको खालून बोलत होती, तरी तिचा एकेक शब्द उशिरा येत होता. विचारत होती की पोरीला काय बोललास, ती श्वास अडकेपर्यंत रडतेय. म्हटलं, घरी जा. मी राजीनामा दिलाय, येतोय मी, सगळं सांगेन. फक्त आत्ता जा. तुझ्या पाया पडतो, जा.

येऊ नकोस, म्हणाली. फोन ठेवला.

बरं झालं. रागावली की ती वाट बघत नाही.

थोड्या वेळाने

फटीतून बघतोय. आखडतंय. तिकडचं दार जवळ आलं, कडी दिसते. मधला भाग तसाच, बारीक आणि पांढरा. तो परत भरत नाही कधीच. पण एकटा माणूस आडवा होऊन जाईल. गाडीचा आवाज अजून आला नाही. ती गेली की निघतो. उशिराने घरी पोचेन, दारात उभा राहीन, ती बोलली तरी चालेल, नाही बोलली तरी —

फोन वाजतोय.

—

बायकोने विचारलं, मुंगी तुझ्याकडे आलीय का.

मामाला सांगून गाडीतून उतरली म्हणे. बाबाला सॉरी म्हणून येते, म्हणाली.

—

दार उघडलं.

मधोमध आहे. त्या पांढऱ्या भागात. बसलीय. पुढे येता येईना आणि मागेही जाता येईना म्हणून बसलीय. पिवळा ठिपका.

दार लावू? टोक सोडू? सोडलं तर ताण जाईल. पण बारीक झालेलं बारीकच राहतं आणि ती त्यातच. आणि तिने तिचं टोक सोडलेलं नाही. ती माझ्याकडेच बघतेय.

आणि मी गेलो तर —

बायकोला म्हटलं, तू वर येऊ नकोस. काहीही झालं तरी जिन्यावर पाय ठेवू नकोस. ती रडत होती. का, का, म्हणत होती. मी म्हटलं, आज एवढं ऐक.

निघालो.

—

चालतोय. वही हातात. लिहीत राहिलो नाही तर किती चाललो तेच कळत नाही. कुलपं. कुलपं. मागे वळून बघितलं. माझं दार काडेपेटीएवढं.

—

ओरडू नये. ती घाबरेल. हळू आवाजात बोलतोय, उठू नकोस, बाबा येतोय. ओठ हलवले की खूप वेळाने ती मान हलवते.

—

अजून ठिपकाच.

—

आता वेण्या दिसतात. मोठी होतेय. होतेय मोठी. देवा.

—

भिंती खांद्याला लागल्या. आडवा झालो. फरशी गरम. पांढरी. खालून आवाज येतोय, बर्फावर पाऊल द्यावं तसा. तिला म्हटलं, कान झाक. तिने लगेच झाकले.

लगेच.

—

चेहरा दिसतोय. रडून लाल झालेला. विचारते, बाबा, तू रागावलास? नाही गं, म्हटलं. मुळीच नाही. मग तसं का म्हणालास? चुकलो, म्हटलं. हात पुढे कर. केला. मीही केलाय. डाव्या हाताने वही भिंतीला टेकवून — हलतंय सगळं — अजून थोडा, मुंगे. पुढे नको सरकू, नुसता हात. हां. असाच. तुझं बोट माझ्या